आत्याचा पिवळा

त्या प्रयोगशाळेत सगळे तिला आत्याच म्हणायचे. खरं तर ती एकट्या बारकीची आत्या. बारकी म्हणजे तिच्या दादाची मुलगी. पण बारकी तिथे प्रबंधासाठी रुजू झाली आणि पहिल्याच दिवशी कॉरिडॉरच्या टोकाला उभं राहून "आत्या, माझा डबा तुझ्या पिशवीत राहिला" असं ओरडून बसली. झालं. दुपारपर्यंत काचेची भांडी धुणाऱ्या बाईंपासून ऑफिसातल्या कारकुनापर्यंत सगळ्यांची ती आत्या झाली. नावामागे डॉक्टर होतं, दारावर पाटी होती, पण पाटी वाचायला वेळ कुणाला आहे? आत्याने मनाला लावून घेतलं नाही. ती म्हणाली, नात्याने हाक मारताय तर मग नात्याने बोलणीही खायची. आणि ती बोलायची, बरं का. हातचं राखून नाही.

तिच्या आयुष्यात नवरा नव्हता, मूल नव्हतं, आणि त्यावरून कुणी हळहळलेलं तिला अजिबात खपत नसे. तिच्याकडे पिवळा होता.

पिवळा म्हणजे एक पूड. कांद्याच्या वरची वाळकी, कागदासारखी साल आपण कचऱ्यात टाकतो ना, तिच्यातून निघते. शास्त्रातलं नाव क्वेर्सेटिन. फ्लॅव्होनॉइड नावाचा झाडांमधल्या पदार्थांचा एक भलामोठा गोतावळा आहे, त्यातला हा एक. झाडं असले पदार्थ आपल्या अंगात करून ठेवतात, उन्हाचा जाच कमी व्हावा, कीड लागू नये म्हणून. आत्या नवी होती तेव्हा तिला पहिलं काम हेच मिळालं होतं. भाजीबाजारातून सालींची पोती आणायची, अल्कोहोलात उकळायची, गाळायची, आटवायची. बरोबरीची मुलं नाकं मुरडून दुसऱ्या कामाला लागली. ही चिकटून राहिली. मग एकदा सकाळी चंबूच्या तळाशी पिवळ्याधमक बारीक सुया चमकताना दिसल्या आणि हिचा जीव तिथे जडला तो जडलाच.

स्वभावाने पिवळा महा हट्टी. पाण्यात विरघळायला साफ नकार. अल्कोहोल चालेल, डीएमएसओ नावाचं ते लसणासारखा वास येणारं द्रावक चालेल, पण पाणी म्हटलं की तळाशी जाऊन बसणार. उजेड सोसत नाही, हवा सोसत नाही. म्हणून तपकिरी बाटली, घट्ट झाकण आणि फ्रीझरचा सगळ्यात खालचा कप्पा. कुणी त्या कप्प्यात आपलं काही ठेवलं तर आत्याचं पित्त खवळायचं. त्याच्या डागाचंही तसंच, हातमोजा फाटला की बोटं पिवळी, आणि साबणाने घासूनही जाता जात नाही. घरी आई त्या बोटांकडे बघून आयुष्यभर एकच टोमणा मारत आली. म्हणायची, आमच्या लेकीचे हात पिवळे झालेत, फक्त जावई तेवढा दिसत नाही. आत्या म्हणायची, आई, जावई बाटलीत आहे, जेवायला मागत नाही, तुला काय त्रास?

ह्या पिवळ्यावर आत्याने नाव मिळवलं ते एका चाचणीच्या जोरावर. चाचणी सोपी आहे. तळहाताएवढी प्लॅस्टिकची प्लेट असते, तिच्यात चिमुकल्या खळग्यांच्या ओळी. प्रत्येक खळग्यात पोषक पाणी घालायचं आणि त्यात जिवंत पेशी सोडायच्या. मग पेशींना विष द्यायचं. अर्ध्या खळग्यांना विषासोबत पिवळाही द्यायचा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत एक रंग घालायचा. रंग मूळचा पिवळट. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात, मेलेल्या करू शकत नाहीत. जितका जांभळा गडद, तितक्या पेशी वाचल्या. आत्याच्या खळग्यांत असा काही जांभळा चढला होता की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. मेंदूच्या पेशी विषातून वाचवणारा पिवळा! तिचे दोन शोधनिबंध छापून आले. दोन्हींवर दुसरं नाव होतं मोठ्या सरांचं. मोठे सर म्हणजे विभागप्रमुख, तेव्हा नुसते सर होते. दोन्ही निबंधांची पहिली पानं चौकटीत बसवून जिन्याच्या वळणावर लावली होती. वर जाताना रोज दिसायची.

बारकीचा प्रबंध ह्याच वाटेने पुढे निघाला होता. मार्गदर्शक मोठे सर, हाताला धरून शिकवणारी आत्या. पेशी वेगळ्या, विषं वेगळी, मात्रा बारीक केलेल्या, पण चाचणी तीच आणि वाचवणारा पिवळाच. पोरीचे आलेख सुरेख येत होते. मात्रा वाढेल तसा जांभळा पायरी पायरीने वर. लिहून जवळजवळ झालं होतं. एक शेवटची प्लेट परत लावून बघायची, की सरांची सही आणि मग परीक्षा. दादाने तर ओळखीपाळखीत सांगायलाही सुरुवात केली होती. वहिनी हळूच म्हणायची, अहो, अजून झाली नाही हो डॉक्टर. दादा म्हणायचा, होईलच की, अडलंय कुठे?

घोडं अडलं ते त्या शेवटच्या प्लेटला.

बारकी प्लेटमध्ये पेशी सोडत होती आणि तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला, की घराची किल्ली कुठे ठेवलीस. किल्ली बारकीच्याच पर्समध्ये होती. त्या घोळात तिची शेवटची ओळ राहून गेली. पोषक पाणी होतं, पेशी नव्हत्या. ते तिच्या ध्यानातच आलं नाही. ठरल्याप्रमाणे विष घातलं, पिवळा घातला, दुसऱ्या दिवशी रंग घातला. मग कालची पेशींची बाटली जागेवर ठेवताना तिला दिसलं की आत हव्यात त्यापेक्षा जास्त पेशी उरल्यात. पळत जाऊन प्लेट भिंगाखाली धरली. शेवटच्या ओळीत एकही पेशी नाही.

ती रडवेली होऊन आत्याकडे आली. आत्या, मी गाढव आहे, एक ओळ विसरले, सगळी प्लेट वाया गेली, परत लावावी लागणार. आत्या आधी तिच्यावर भरपूर तोंडसुख घेणार होती. कामाच्या वेळी फोन कसला घेतेस, असं सुरूही केलं होतं. बोलता बोलता तिने प्लेट उजेडाकडे धरली आणि मध्येच गप्प झाली. आत्या वाक्य अर्धं सोडून गप्प झाली म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे बारकी लहानपणापासून ओळखून होती.

शेवटची ओळ जांभळी होती. इतर ओळींसारखीच. पायरी पायरीने.

ज्या खळग्यात कुणी जन्मलंच नाही तिथे सगळे जिवंत आहेत, असं ती चाचणी छाती ठोकून सांगत होती.

आत्या प्लेट फिरवून फिरवून बघत राहिली. डोकं तिचं तल्लख, उलगडायला वेळ लागला नाही. जिवंत पेशी रंगाचा जांभळा करतात त्या त्याला इलेक्ट्रॉन देऊन. आणि इलेक्ट्रॉन द्यायला तर पिवळा एका पायावर तयार. त्याची सगळी कीर्तीच त्यावर, म्हणून तर त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. पेशी असोत नसोत, हा स्वतःच रंगाचा जांभळा करून मोकळा होत होता. हे तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? पिवळ्याचा हा गुण तिला तोंडपाठ होता. रंगाची रीतही तोंडपाठ होती. दोन्ही एकाच खळग्यात आल्यावर काय होईल, हे मात्र इतक्या वर्षांत मनाला शिवलं नाही. माणसाचं असंच होतं. ज्याच्यावर जीव असतो त्याची झडती घेत नाही आपण.

बारकीने हळूच सुचवून बघितलं. "आत्या, जाऊ दे ना. मी विसरले होते, एवढंच झालं. उद्या नीट लावते."

"उद्या नीटच लावायची," आत्या म्हणाली. "सगळी प्लेट रिकामी लाव. एकही पेशी नको. पिवळा आणि रंग, बास."

दुसरी प्लेट आत्याने शेजारी उभं राहून लावून घेतली. रंग घातला आणि दोघी स्टुलांवर बसून बघत राहिल्या. प्रत्येक ओळीत पहिला खळगा फिकट, दुसरा जरा गडद, पुढे आणखी गडद. मशीनमध्ये घालून आलेख काढला. प्रबंधातला सगळ्यात देखणा आलेख होता ना, ज्यावर सर खूश होऊन पोरीची पाठ थोपटून गेले होते, तो आणि हा एकावर एक ठेवले तर ओळखू येईना कुठला कुणाचा. बारकी त्या दोन कागदांकडे बघत बसली. चेहरा उतरला होता. पण हळूहळू तिच्या कपाळावर एक आठी आली. ती आठी आत्याने लगेच ओळखली, कारण रोज सकाळी आरशात तीच दिसायची.

मोठे सर काही दुष्ट माणूस नव्हते. हे सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्ही त्यांना आधीच खलनायक करून टाकाल. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, दोन्ही कागद पाहिले आणि चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, हे बघा, पोरगी एक ओळ विसरली, त्यावर सगळा प्रबंध फेकून देणार का आपण? ती प्लेट चुकलेली होती, चुकलेल्या प्लेटा आपण धरतच नाही. राहिलेली पुन्हा लावा, सही तयार आहे. रिकाम्या प्लेटचं म्हणाल, तर तो वेगळा विषय आहे, पुढे कधीतरी बघू. पोरीची वर्षं बघा. आत्या म्हणाली, सर, पोरीची वर्षं तुम्हाला आत्ता आठवली होय? सर म्हणाले, मग स्पष्टच सांगतो, रिकामी ओळ प्रबंधात आली तर माझी सही नाही. आत्या खुर्ची मागे सारून उठली. म्हणाली, ओळ येणार. आणि सहीही होणार, तुम्हीच कराल. दार तिने आपटलं नाही, पण बंदही केलं नाही. उघडं टाकून आली, आणि सरांना स्वतः उठून लावावं लागलं.

खरी लढाई पुढे होती, घरी. दादाला हे कळलं तेव्हा तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. आधी त्याला नीट उमजेना. मग उमजलं तेव्हा ताट पुढे सारलं आणि बहिणीवर उखडला. तुझी हौस झाली, तुझे निबंध जिन्यात टांगून झाले, आता लेकराच्या मुळावर का उठलीस? सर स्वतः सही द्यायला तयार आहेत आणि तू मध्ये येऊन आडवी पडतेस? तुला मूल असतं तर कळलं असतं. हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निसटलं. वहिनीने हातातली पळी खाली ठेवली. आईला ऐकू कमी यायचं, पण तिनेही मान वर केली.

आत्याला लागलं. न लागायला ती काही दगड नव्हती. तोंडाशी दहा उत्तरं आली, एकेक तिखट. पण तिला बोलावं लागलं नाही.

"बाबा," बारकी म्हणाली, "ती ओळ मी चुकून रिकामी सोडली, तेव्हा मला खरं काय ते कळलं. आता मुद्दाम भरू का?"

दादा उठून हात धुवायला गेला तो बराच वेळ नळाशीच उभा राहिला. वहिनीने आत्याच्या ताटात न विचारता आणखी वाढलं. पुढे कितीतरी दिवस दादा बहिणीशी कामापुरतंच बोलला, म्हणजे वर्तमानपत्र झालं का वाचून, गॅस लागलाय का, एवढंच. आत्याने ते सोसलं. माघार म्हणून घेतली नाही.

आता प्रश्न होता की करायचं काय. नुसतं हटून बसायला अक्कल लागत नाही, पुढची वाट काढायला लागते. बारकीनेच काढली. म्हणाली, आत्या, रंगावर विसंबायचं नाही, पेशी डोळ्यांनी मोजू. दुसरा एक निळा रंग असतो, तो मेलेल्या पेशीत शिरतो आणि जिवंत पेशी त्याला आत घेत नाही. भिंगाखाली बसायचं, निळ्या किती आणि बिनरंगाच्या किती, एकेक मोजायची. मान मोडून जाते. ती मोजत बसली. आधीच्या सगळ्या मात्रा पुन्हा लावल्या, पिवळा नीट धुऊन काढून मगच रंग घातला, आणि शेजारी रिकामी ओळ ठेवलीच. जे हाती आलं ते काही आभाळाला हात लावणारं नव्हतं. थोड्या मात्रेत पिवळा काही पेशी वाचवत होता, खरंच वाचवत होता, पण थोड्याच. मात्रा वाढवली की तोच पेशींच्या जिवावर उठत होता. पोषक पाण्यात नुसता ठेवला तरी हळूहळू तपकिरी पडायचा, आणि त्या पाण्यात स्वतःच विषारी पेरॉक्साइड तयार करायचा. एवढा गुणी म्हणून मिरवलेला पदार्थ, आणि घरात हे उद्योग.

आत्याला राग कुणाचा यावा? पिवळ्याचा आला नाही. तिचं म्हणणं, तो बिचारा आपल्या स्वभावाने वागतोय, आपण भलता प्रश्न विचारून भलतं उत्तर घेतलं. आणि मग तिच्या डोक्यात ते खूळ शिरलं, ज्याने सगळा विभाग हैराण झाला. हा एका चाचणीला फसवतो, तर दुसऱ्या किती चाचण्यांना फसवत असेल? ती तपकिरी बाटली हातात घेऊन टेबलाटेबलावर फिरायला लागली. तुमची चाचणी लावा, एक ओळ रिकामी ठेवा, त्यात माझा पिवळा घाला, बघू काय म्हणते.

काय सांगावं तो तमाशा. पलीकडच्या खोलीत एक गोरटेला, सदा नीटनेटका संशोधक होता, त्याला सगळे काजवेवाला म्हणायचे. त्याच्या चाचणीत काजव्याच्या अंगातलं उजेड पाडणारं द्रव्य वापरायचे. पेशी जिवंत असली की उजेड, मेली की अंधार. आत्याने त्याच्या धडधाकट पेशींत पिवळा टाकला आणि उजेड मावळला. काजवेवाला घाबरून म्हणाला, आत्या, मारल्यात माझ्या पेशी. आत्याने भिंगाखाली दाखवलं, सगळ्या सुखरूप. पिवळ्याने उजेड पाडणाऱ्या द्रव्यालाच धरून ठेवलं होतं. म्हणजे एकीकडे नसलेल्याला जिवंत म्हणतो, दुसरीकडे जिवंताला मेलेला म्हणतो. आणखी एका टेबलावर पेशींची चमक मोजायचे, तिथे पिवळा स्वतःच चमकला आणि तिथल्या बाईंनी आधी घेतलेले आकडे संशयात आले. त्यांनी आत्याशी भांडण काढलं, दोन दिवस अबोला धरला, आणि मग निमूटपणे सगळ्या प्लेटा पुन्हा लावायला बसल्या. विभागात असं झालं की कॉरिडॉरमध्ये आत्याच्या चपला वाजल्या की कुणीतरी हळूच म्हणायचं, आली बाटली. काजवेवाला तर गमतीने दाराला आतून कडी लावायचा. पण तोच पुढे आपण होऊन म्हणाला की माझ्या प्रत्येक नव्या प्लेटमध्ये आता तुमचा पिवळा असणार, ज्या चाचणीला तो फसवतो तिच्यावर मी सही करणार नाही.

उरले मोठे सर. त्यांची स्वतःची एक चाचणी होती, त्यावर त्यांची सगळी कारकीर्द उभी. मेलेली पेशी फुटते, आतला रस बाहेर सांडतो, तो सांडलेला रस मोजायचा. आत्या बाटली घेऊन त्यांच्या दारात गेली आणि सर म्हणाले, आज वेळ नाही. पुन्हा गेली तेव्हा मीटिंग होती. पुन्हा गेली तेव्हा सर आत असून नाहीत म्हणून सांगितलं गेलं. आत्या दारातूनच मोठ्याने म्हणाली, सर, मी बसलेय बाहेर, तुम्ही नसलात तरी चालेल. आणि खरंच बसली. जाणारे-येणारे बघत होते. तिला कसली लाज? शेवटी दार उघडलं आणि सर तिच्यासमोर उभे राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती, आणि ती इतकी उघडी होती की आत्याच क्षणभर नरमली.

सर म्हणाले, ठीक आहे, पण मीच लावणार.

स्वतः हातमोजे चढवून त्यांनी प्लेट लावली. कित्येक वर्षांत त्यांनी पिपेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची नळी, हातात धरली नव्हती, पण सवय मोडलेली नव्हती. आत्या हाताची घडी घालून उभी. बारकी तिच्यामागे. रिकाम्या ओळीत पिवळा गेला, मग त्यांच्या चाचणीतली द्रव्यं गेली. वाट बघितली. ओळ जशीच्या तशी राहिली. पिवळ्याचा स्वतःचा फिकट रंग तेवढा, तो वजा केला की काही नाही. परत लावली, परत तेच. सरांची चाचणी उभी राहिली होती.

आता गंमत बघा. इतकं भांडून, दाराशी ठाण मांडून आत्याने काय मिळवलं? तिचे दोन्ही निबंध पडले आणि सरांचं काम उभं राहिलं. दुसरी कुणी असती तर तोंड लपवून गेली असती. आत्या म्हणाली, छान. सरांचं उभं राहिलं, माझं पडलं. आता लिहून टाका तसंच. सर स्टुलावर बसले आणि हातमोजे काढत म्हणाले, मी उगीच घाबरत होतो. आत्या म्हणाली, हो, उगीचच. सही करा.

सरांनी सही केली. एकच विनंती केली, तीही आत्याला नाही, बारकीला, आणि एकटीला गाठून. प्रबंधात रंगाच्या चाचणीने फसलेल्या आधीच्या कामांबद्दल एक प्रकरण होतं. त्यात आत्याचे दोन निबंध नसले तर बरं, उगीच विभागाची शोभा कशाला, असं ते म्हणाले. बारकीने मान हलवली आणि खरंच ते दोन गाळले. सरांसाठी नव्हे, आत्यासाठी. तिला वाटलं, आत्याने इतकं केलं, निदान एवढं तरी झाकावं.

आत्याने ते प्रकरण वाचलं आणि तिचा जो पारा चढला म्हणता! पानं हातात घेऊन ती बारकीच्या टेबलाशी आली.

"जगातल्या सगळ्यांचं काढलंस. माझे दोन कुठे आहेत?"

बारकी खाली बघत म्हणाली, "तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट वाटायचं ते वाटून झालं. पहिल्या क्रमांकावर माझे लिही. मग बाकीच्यांचे." आणि मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्यावर दया करायची नाही. मी दादाचं ऐकलं नाही, सरांचं ऐकलं नाही. तुझंही ऐकणार नाही."

परीक्षेच्या दिवशी छोट्या सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या भरल्या. दादा आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, वहिनीच्या शेजारी ताठ बसून. आत्या मागच्या रांगेत, कारण पुढे बसली तर मध्येच बोलेन, अशी तिलाच खात्री होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बारीक आवाजाच्या, फारशा न हसणाऱ्या. बारकीने सगळं मांडलं. विसरलेली ओळ पहिल्याच चित्रात दाखवली. किल्लीचा फोनही सांगितला, त्यावर वहिनीने डोळ्यांवर हात घेतला. प्रश्न सुरू झाले आणि बारकी उत्तरं देत गेली.

मग बाईंनी पानं उलटली. म्हणाल्या, फसलेल्या कामांमध्ये हे पहिले दोन निबंध ह्याच विभागातले दिसतात. कुणाचे आहेत हे?

बारकीला आत्याचं नाव माहीत नव्हतं थोडंच. पण तिच्या तोंडून ते निघेना. ओठ हलले आणि आवाज आला नाही.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. आत्या उभी राहिली. पिवळी बोटं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट धरलेली.

"माझे."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आणि ते चुकलेत, हे तुम्हाला मान्य आहे?"

"जिथे पेशीच नाहीत तिथे जांभळा येतो," आत्या म्हणाली. "आता मला मान्य आहे की नाही, ह्याला काय किंमत आहे? मीच सांगितलं तिला, पहिले माझे लिही म्हणून. ज्यांनी ते वाचून पुढे काम केलं, त्यांनाही कळू दे."

ती बसणार तेवढ्यात पुढच्या रांगेत हालचाल झाली. मोठे सर उठत होते. सावकाश, गुडघ्यावर हात टेकून. ते आत्याकडे वळले नाहीत, बाईंकडेही नाही, कुठेतरी फळ्याकडे बघत बोलले.

"दोन्हींवर माझंही नाव आहे."

दोघं तसेच उभे राहिले, एक पुढे, एक मागे, आणि मध्ये बारकी फळ्यापाशी. बाईंनी दोघांनाही बसायला सांगितलं. मग पानं मिटली आणि बारकीला म्हणाल्या, शेवटचा प्रश्न. ह्या पदार्थाचं आता काय करायचं? टाकून द्यायचा?

"नाही," बारकी म्हणाली. आवाज आता परत आला होता, आणि तो हुबेहूब आत्याचा होता. "तो माझ्या टेबलावर राहणार. कुठलीही नवी चाचणी आली, की आधी ह्याच्यासमोर उभी करायची. रिकाम्या ओळीत."

दादा सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागला, आणि अजून निकाल लागलेला नाही हे वहिनीने सांगितल्यावरही थांबला नाही. आत्याने डोळे पुसले आणि शेजारच्या काजवेवाल्याला दटावलं, की पंखा एवढा जोरात कुणी लावला.

निकाल लागला, बारकी डॉक्टर झाली. संध्याकाळी जिन्याच्या वळणावर आत्या खिळे उपटत होती. तिचे दोन निबंध काढून तिने काखेत धरले. मोठे सर खाली उतरत होते. ते थांबले आणि दुसरा खिळा उपटायला लागले. तो निघेना म्हणून दोघांनी मिळून ओढला. भिंतीवर दोन फिकट चौकोन राहिले. सर म्हणाले, इथे आता काय लावायचं? आत्याने पिशवीतून पोरीची ती चुकलेली, आता वाळून गेलेली प्लेट काढली, शेवटची ओळ जांभळी असलेली, आणि त्यांच्या हातात दिली.

"ही लावा. नाव बारकीचं घाला. आणि खाली तुमचं नको."

सर हसले. त्यांनी खिळा परत ठोकला.